झाकणाच्या आतली बाजू

टीव्ही सुरू केला की चित्र यावे, एवढीच माणसाची अपेक्षा असते. त्या रात्री चित्राऐवजी मजकूर आला. संचातले सॉफ्टवेअर आम्हांला न विचारता अद्ययावत झाले होते आणि नव्या आवृत्तीबरोबर वापराच्या अटींचा नवा मसुदाही येऊन बसला होता. पडद्याच्या मधोमध एक करडी चौकट, तीत बारीक अक्षरांतला मजकूर आणि तळाशी दोन बटणे होती. ‘सर्व मान्य’ हे बटण निळे आणि ठसठशीत होते. ‘अधिक पर्याय’ हे करड्यावर करडे, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारे. घरातल्या सर्वांचे मत अर्थातच निळ्याच्या बाजूने होते. मी मात्र हट्टाला पेटलो आणि वाचू लागलो. रिमोटवरचा खालचा बाण एकदा दाबला की मजकूर तीन ओळी वर सरकायचा. बाण दाबून धरला तर जागचा हलायचा नाही. हवा तो शब्द शोधण्याची सोय नव्हती, आणि चुकून मागे जाण्याचे बटण दाबले गेले की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. अंगठा भरून आला. शेजारी बसलेल्यांनी एकेक करून आपापले फोन काढले. बरेच खाली गेल्यावर दोन कलमे एकापाठोपाठ आली. संचातील सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचे असून ग्राहकाने ते उकलून पाहण्याचा, त्याची रचना शोधून काढण्याचा वा त्यात फेरफार करण्याचा कोणताही प्रयत्न करू नये, असे पहिल्यात बजावले होते. दुसऱ्यात, पडद्यावर काय पाहिले जाते याची माहिती हा संच गोळा करू शकेल आणि ‘निवडक भागीदारांना’ देऊ शकेल, असे मोघम भाषेत सांगितले होते.

दोन्ही कलमांच्या मध्ये फक्त एक रिकामी ओळ होती.

यातले काहीच मला नवे नव्हते. सॉफ्टवेअर उकलण्यास मनाई असते हे ऐकून होतो आणि घरातली उपकरणे आपल्यावर नजर ठेवतात हेही वर्षानुवर्षे वाचत होतो. तरीही ती दोन कलमे अशी लागून आलेली पाहिली आणि डोक्यात काहीतरी खुपत राहिले. आम्ही तुमच्याकडे पाहू, तुम्ही आमच्याकडे पाहायचे नाही, असा त्यांचा एकत्रित अर्थ होता. सॉफ्टवेअरच्या स्वामित्वहक्काचे, म्हणजे कॉपीराइटचे, वाद आणि खासगीपणाची चिंता हे विषय आपण सवयीने दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पहिला विषय म्हणजे दोन बलाढ्य कंपन्यांची अब्जावधी डॉलरची भांडणे. ती आपण सामन्याच्या निकालासारखी वाचतो, कोण जिंकले ते पाहतो आणि विसरतो. दुसरा विषय आपल्या घरातला, आपल्या अब्रूचा. हे दोन्ही वाद मुळात एकच आहेत, कोणी कोणाच्या आत डोकावायचे याचे आहेत, असे मला त्या रात्रीपासून वाटू लागले आहे आणि जितके आठवतो, वाचतो तितके ते मत पक्के होत चालले आहे.

माझे थोरले काका रेडिओ उघडत असत. व्हॉल्व्हचा जुना, लाकडी पेटीचा संच होता. त्याच्या पाठीला भोके पाडलेला जाड पुठ्ठा स्क्रूने बसवलेला असे. तो काढला की तापलेल्या धुळीचा एक खरपूस वास नाकात शिरायचा आणि काचेच्या नळ्यांमधली नारिंगी तार मंदपणे उजळलेली दिसायची. पण मला सर्वांत आवडायचा तो त्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पिवळट कागद. त्यावर सबंध संचाचे सर्किट छापलेले असे. कोणता रेझिस्टर कुठे, कोणता कंडेन्सर कुठे, कोणत्या व्हॉल्व्हचा क्रमांक काय, हे सगळे त्यात असे. काका एक बोट त्या कागदावर आणि दुसऱ्या हातातली मीटरची काडी संचात ठेवून पुटपुटत राहायचे. कोणीतरी आपला संच उघडणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरले होते आणि त्या अनोळखी माणसासाठी त्यांनी आत एक कागद ठेवला होता. या आठवणीला मी फार गोंजारू इच्छित नाही. काकांच्या हातून निम्मे संच दुरुस्त होत नसत. कागद चिकटवण्यामागे कंपन्यांचे औदार्य होते असेही नाही. व्हॉल्व्ह जळायचेच, तेव्हा दुरुस्तीची सोय केल्याशिवाय माल खपला नसता. आणि मुख्य म्हणजे त्या यंत्राच्या पोटात काय आहे याची भीती बाळगण्याचे कारणच नव्हते. तो रेडिओ ऐकवत असे, ऐकत नसे.

सॉफ्टवेअरला कायद्याचे कवच कसे मिळाले, याची गोष्ट मात्र अगदी निष्पाप तक्रारीपासून सुरू होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या छांदिष्टांना एक खुले पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, मग चांगले सॉफ्टवेअर फुकटात कोणी का लिहावे, असा त्याचा सूर होता. त्या पत्राला आज नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्यातला प्रश्न खोटा नव्हता. १९८० मध्ये अमेरिकेने आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमची व्याख्या घातली. १९८३ मध्ये ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवले की माणसाला वाचता येणारा सोर्स कोडच नव्हे, तर चिपमध्ये कोरलेले, फक्त यंत्राला कळणारे शून्य-एकही संरक्षणास पात्र आहेत. फ्रँकलिन या संगणक कंपनीने ॲपलच्या प्रोग्रॅमची नक्कल इतकी इमानेइतबारे केली होती की तिच्यात ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचे नावसुद्धा जसेच्या तसे राहिले होते. पुढे १९९४ च्या जागतिक व्यापार करारांपैकी बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स या कराराने सदस्य देशांना सांगितले की प्रोग्रॅम ही साहित्यकृती समजून तिला संरक्षण द्या. अशा रीतीने कादंबरी, नाटक आणि वॉशिंग मशीनमधला कोड एका पंगतीला येऊन बसले. फरक एवढाच राहिला की कादंबरीची नक्कल करण्यास बंदी असली तरी ती वाचण्यास बंदी नसते, किंबहुना वाचली जावी म्हणूनच ती छापतात. कायद्याने लेखकाशी केलेला सौदा असा होता की, तू तुझे लिखाण जगासमोर ठेव, आम्ही तुझ्या हक्काची राखण करू. सॉफ्टवेअरच्या बाबतीत सौद्याची दुसरी बाजू झडली आणि तिजोरी तेवढी शिल्लक राहिली. अमेरिकेत एखाद्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या कोडवरचा हक्क ९५ वर्षे टिकतो. तो कोड ज्यावर चालू शकेल असे एकही यंत्र तोवर जगात उरलेले नसेल.

आणि ज्याने पाहिले तो बाटला, अशी एक विलक्षण रूढीही याच काळात पडली. आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत बायोस नावाच्या मूलभूत प्रोग्रॅमचा सगळा कोड छापून दिला होता. वरकरणी हा काकांच्या रेडिओतलाच कागद. पण तो वाचणाऱ्या अभियंत्याने पुढे स्वतःचा बायोस लिहिला, तर तो नक्कल केल्याच्या आरोपाला बळी पडणार हे उघड होते. म्हणून फिनिक्स नावाच्या कंपनीने दोन चमू केले. एका चमूने आयबीएमचा कोड अभ्यासायचा आणि तो काय करतो याचे फक्त वर्णन लिहायचे. दुसऱ्याने आयबीएमचा कोड न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा कोड लिहायचा. दुसऱ्या कामासाठी मुद्दाम असा प्रोग्रॅमर नेमला, ज्याने त्या जातीच्या प्रोसेसरवर आधी कधी काम केले नव्हते. अज्ञान ही त्या जागेसाठी आवश्यक अर्हता होती! या सोवळ्याओवळ्यातूनच स्वस्त संगणकांचा महापूर आला आणि तो तुमच्या-माझ्या घरापर्यंत पोहोचला, हे मान्य करायला हवे. तरीही त्या अभियंत्याचा विचार मनात आला की मला अवघडल्यासारखे होते. ज्ञान मिळवणे हाच धोका ठरावा, अशी किती क्षेत्रे असतील?

ओरॅकल विरुद्ध गूगल हा खटला मी बरीच वर्षे तुटक-तुटक वाचत आलो. २०१० मध्ये दाखल झालेला हा दावा ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात संपला. अँड्रॉइड घडवताना गूगलने ओरॅकलच्या मालकीच्या जावा या संगणकभाषेतल्या ३७ पॅकेजांची, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांची, ‘घोषणा’ करणारा कोड, सुमारे ११,५०० ओळी, उचलला होता. जावाच्या त्या सबंध संग्रहात २८ लाख ६० हजार ओळी होत्या. प्रत्यक्ष काम करणारा कोड गूगलने स्वतः लिहिला, पण कामांची नावे आणि त्यांची मांडणी तशीच ठेवली, कारण जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या बोटांना तीच सवय होती. मला त्यातला आवडता भाग म्हणजे नऊ ओळींचा. ‘रेंजचेक’ नावाचा एक चिमुकला तुकडा जसाच्या तसा गूगलच्या कोडमध्ये सापडला होता आणि त्यावरून मोठा युक्तिवाद झाला. तेव्हा न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी वकिलांना सुनावले की, मी स्वतः प्रोग्रॅमिंग करतो आणि असले तुकडे मीही कितीतरी वेळा लिहिले आहेत. ज्या वस्तूचा निवाडा करायचा, ती उघडून पाहता येणारा न्यायाधीश! पुढे अपील, पुन्हा ज्युरी, पुन्हा अपील असे होत अखेर सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर ‘न्याय्य’, म्हणजे परवानगीवाचूनही कायद्याला चालणारा, ठरला. अशा घोषणांवर मुळात स्वामित्वहक्क असू शकतो का, या प्रश्नाला मात्र न्यायालयाने हात लावला नाही; वादापुरते गृहीत धरू, म्हणून तो बाजूला ठेवला. निकाल वाचून मला हायसे वाटले, आणि मागोमाग स्वतःचेच आश्चर्य वाटले. माझ्या हालचालींवर इतकी पाळत ठेवणाऱ्या कंपनीच्या विजयाने मी का सुखावलो? पण उत्तर साधे आहे. ती हरली असती, तर एका यंत्राशी दुसऱ्याला बोलता यावे म्हणून धडपडणारा प्रत्येक लहान माणूस तिच्याबरोबर हरला असता.

याचा अर्थ स्वामित्वहक्कच नको, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझा एक मित्र एकट्याने छोटे ॲप बनवतो. गाण्याच्या रियाजासाठी तालाची आवर्तने मोजून देणारे ते ॲप आहे. एके दिवशी दुसऱ्या नावाने तेच ॲप अवतरले. रंग वेगळा होता, चिन्ह वेगळे होते. पण नेट बंद असताना येणाऱ्या सूचनेत माझ्या मित्राने केलेली ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिथेही तशीच होती. तो फोनवर हसत हसत सांगत होता, पण ते हसणे मला कळत होते. त्याच्या रात्री कोणीतरी उचलून नेल्या होत्या. ज्या कायद्याच्या आधारे ते दुसरे ॲप अखेर दुकानातून उतरवले गेले, त्या कायद्याला मी शत्रू म्हणू शकत नाही. माझी तक्रार चोर पकडण्याविषयी नाही. चोर पकडण्यासाठी उभारलेली भिंत घरमालकालाच आपल्या घरात शिरू देत नाही, याविषयी आहे.

ती भिंत घरात कुठवर येते, याची दोन उदाहरणे माझ्या मनातून जात नाहीत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल वाचकांच्या उपकरणांतून जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती दूरवरून पुसून टाकल्या, आणि त्यांतले एक ‘१९८४’ होते. ज्याने त्या विकायला ठेवल्या, त्याच्याकडे हक्क नव्हते, असे कारण निघाले. म्हणजे वाद दोन व्यापाऱ्यांमधला होता, पण त्याची तामिली वाचकाच्या उशाशी झाली. एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपणे केली होती. टिपणे उरली आणि ती ज्या वाक्यांवर होती ती वाक्ये गेली. कंपनीने पैसे परत केले आणि पुढे जाहीर माफीही मागितली. दुसरे उदाहरण त्याहून जुने, २००५ चे. सोनी बीएमजीने आपल्या काही संगीताच्या सीडींमध्ये नक्कल रोखणारे सॉफ्टवेअर घातले होते. सीडी संगणकात घातली की ते गुपचूप विंडोजच्या पोटात जाऊन बसे आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाची प्रत्येक फाइल वापरणाऱ्यापासून लपवी. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस ते उघडकीस आणले. तोवर त्या लपवाछपवीचा आडोसा कोणत्याही विषाणूला घेता येईल अशी स्थिती झाली होती आणि लवकरच तो घेतलाही गेला. वर, हक्कांची राखण करणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्येच दुसऱ्यांचा मुक्त परवान्याखालचा कोड अटी न पाळता वापरल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिले. पण मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील ॲलेक्स हाल्डरमन आणि एड फेल्टन या संशोधकांना याचा सुगावा आधीच लागला होता. मात्र तो जाहीर केला तर डिजिटल कुलपे मोडण्यास मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याखाली आपल्यावर दावा होईल का, हे वकिलांना विचारण्यात त्यांचे दिवस गेले.

घराला आग लागली आहे हे दिसत असूनही, ओरडलो तर स्वामित्वहक्काचा भंग होईल का, हे आधी विचारावे लागत होते.

यानंतर दहा वर्षांनी मोटारींची गोष्ट घडली. २०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत असा प्रश्न विचाराधीन होता की, गाडीच्या मालकाला आपल्याच गाडीतले सॉफ्टवेअर तपासण्या-दुरुस्तीसाठी उघडण्याची सूट द्यावी का. मोटार कंपन्यांचा विरोध होता हे समजण्यासारखे आहे. पण तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही जुलैमध्ये विरोधाचे पत्र धाडले. लोक कोडमध्ये ढवळाढवळ करतील आणि गाड्या अधिक धूर ओकतील, अशी भीती तिला वाटत होती. १८ सप्टेंबर रोजी त्याच संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस बजावली. ढवळाढवळ कंपनीनेच करून ठेवली होती. स्टिअरिंग किती फिरते, वेग कसा बदलतो यावरून गाडीतला कोड आपली प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ओळखे आणि तेवढ्यापुरता सज्जन होई. रस्त्यावर उतरली की तीच गाडी नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडू शके. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हा कोड होता. लबाडी उघडकीला येण्याची सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी गाडीच्या मागे उपकरण बांधून तिला खऱ्या रस्त्यांवर शेकडो मैल पळवल्यामुळे. आत पाहता येत नव्हते, म्हणून त्यांनी बाहेर पडणारा धूर मोजला. मालकांना कोड उघडण्याची मुभा असती तर ही फसवणूक नक्की लवकर कळली असती, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण ती इतकी वर्षे इतक्या निवांतपणे चालली, याचे एक कारण त्या झाकणात आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

योगायोग असा की १ कोटी १० लाख हाच आकडा मला टीव्हीच्या बाबतीतही पुन्हा भेटला. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी आणि न्यू जर्सी राज्याशी २२ लाख डॉलरना तडजोड केली. तिचे संच पडद्यावरच्या काही ठिपक्यांचे नमुने सेकंदागणिक टिपत आणि कंपनीच्या सर्व्हरवरच्या साठ्याशी पडताळून घरात काय पाहिले जात आहे ते ओळखत. यात खुबी अशी की चित्र केबलमधून येवो, डीव्हीडीवरून येवो की बाहेरून जोडलेल्या डबीतून येवो, पडद्यावर उमटले की ते टिपले गेले. असे १ कोटी १० लाख संच होते. सेटिंगमध्ये या सोयीचे नाव आणि वर्णन असे दिले होते की ती तुमच्या सेवेसाठीच आहे असे वाटावे. आयोगाने त्यावर बोट ठेवले आणि स्पष्ट संमती घेण्याचे बंधन घातले. त्यानंतर जगभर संमतीचे युग आले. २५ मे २०१८ पासून युरोपात लागू झालेल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे तर संमतीच्या चौकटी पानोपानी उगवल्या. माझ्या पडद्यावरची करडी चौकट ही त्यांचीच दूरची नातलग. पण संमती म्हणजे तरी काय? कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला होता की, एखाद्या अमेरिकी माणसाने भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे खासगीपणाचे धोरण वाचायचे ठरवले तर वर्षाचे दोनशेहून अधिक तास त्यातच जातील. समजा, कोणी तेवढे तास काढले. तरी शेवटी हातात येते ते कंपनीने स्वतःविषयी केलेले निवेदन. संच खरोखर तेवढेच करतो की आणखी काही, हे पाहायचे झाल्यास आत डोकवावे लागते. आणि तिथे त्या रात्रीचे पहिले, सॉफ्टवेअर उकलण्यास मनाई करणारे कलम आडवे येते. ज्याची पडताळणी करण्यास मनाई आहे, अशा निवेदनाला दिलेली संमती ही संमती नव्हे, ती श्रद्धा आहे.

या सगळ्यात एक वळण असे आहे की ज्याने माझ्या रागाची धार बोथट होते, किंवा निदान त्याची दिशा बदलते. साधारण १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला झेरॉक्सचा एक प्रिंटर सारखा अडत असे. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये एवढेच घालायचे होते की, कागद अडकला की वापरणाऱ्यांना कळावे. सोर्स कोड मागितला. ज्याच्याकडे होता त्याने, गुप्ततेचा करार केला आहे, म्हणून नकार दिला. तो नकार स्टॉलमन यांच्या जिव्हारी लागला. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची मोहीम जाहीर केली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्याची करामत अशी की तो स्वामित्वहक्क नाकारत नाही, त्याच्याच खांद्यावर उभा राहतो. हा कोड माझा आहे, म्हणून माझ्या अटीवरच तो वापरा. आणि माझी अट अशी की, हा घालून काही विकाल तर घेणाऱ्याला सोर्स कोडही द्या. २००३ मध्ये लिंक्सिसच्या एका निळ्या-काळ्या राउटरमध्ये असा कोड आढळला, लोकांनी पाठपुरावा केला आणि कंपनीला तो खुला करावा लागला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली उभी राहिली. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले राउटरही तिच्या जोरावर कितीतरी वर्षे सुरक्षितपणे चालत राहिले. म्हणजे झाकण घालणारा कायदाच इथे झाकण उघडण्याच्या कामी आला.

आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेने कॅलिफोर्नियात दावा लावला तो कोणावर? व्हिझिओवर! टीव्हीत मुक्त परवान्याखालचा कोड आहे, आम्ही तो टीव्ही विकत घेतला आहे, तेव्हा सोर्स कोड द्या. भरपाई नको, असा तो दावा. हा सारा स्वामित्वहक्काचा मामला आहे, तो हक्क कोड लिहिणाऱ्यांचा आहे, ग्राहकाला त्यात स्थान नाही, असा बचाव करत कंपनीने प्रकरण संघीय न्यायालयात नेले. २०२२ मध्ये त्या न्यायालयाने ते राज्याच्या न्यायालयात परत धाडले, कारण मागणी करारातून आलेल्या वचनाची होती. या संस्थेच्या प्रमुख केरेन सँडलर पेशाने वकील आहेत आणि त्यांच्या छातीत हृदयाची लय सांभाळणारे यंत्र बसवलेले आहे. बसवण्याआधी त्यांनी उत्पादकांकडे आतला कोड पाहायला मागितला होता आणि त्यांना तो मिळाला नाही, हे त्या जाहीर व्याख्यानांतून सांगत आल्या आहेत. पुढे गरोदरपणात हृदयाचे साहजिक वाढलेले ठोके त्या यंत्राने धोका समजले आणि त्यांना विनाकारण विजेचे झटके दिले. काकांच्या कागदाची आठवण मी फार गोंजारू नये असे वर म्हटले खरे. पण ज्या जगात आपल्या यंत्राचा आराखडा मिळण्याचा हक्क रेडिओवाल्याला होता आणि हृदयवालीला नाही, त्या जगाने प्रगती नेमकी कुठल्या बाजूने केली, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते अगदी पोकळ नाही. कोड सर्वांना दिसू लागला तर वाईट हेतूच्या लोकांनाही दिसेल. खरे आहे, पण वाईट हेतूचे लोक अटी वाचून, मनाई आहे म्हणून परत फिरतात असे दिसत नाही. मनाईने थांबतो तो फक्त विद्यापीठातला संशोधक, दुरुस्तीवाला आणि रिमोट घेऊन बसलेला ग्राहक. सगळा कोड उद्या चव्हाट्यावर आणा, असे माझे म्हणणेही नाही. युरोपच्या १९९१ च्या निर्देशाने आणि भारताच्या कायद्यानेही प्रोग्रॅमच्या चालण्याचे निरीक्षण व अभ्यास करण्यास ठरावीक मर्यादेत मोकळीक ठेवली आहे. तसे करून कोणत्याही देशातला सॉफ्टवेअर उद्योग बुडालेला नाही. अमेरिकेत मात्र अभ्यासासाठी वा दुरुस्तीसाठी डिजिटल कुलूप उघडण्याची मोकळीक बहुतेक वेळा दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. मोटारींची सूट ऑक्टोबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनचा बभ्रा झाल्यावर मिळाली. ऑक्टोबर २०२४ च्या फेरीत दुकानांतली खाद्ययंत्रे दुरुस्तीसाठी उघडण्याची सूट मिळाली. तिच्यामागे मुख्यतः बंद पडणाऱ्या आइस्क्रीम यंत्रांचे गाऱ्हाणे होते. त्यातही गंमत अशी की, ही सूट कुलूप उघडणाऱ्यापुरतीच असते. उघडण्याचे साधन बनवून दुसऱ्याला देण्यावरची बंदी तिने उठत नाही, तेव्हा ज्याने त्याने आपली किल्ली आपणच घडवायची. त्याच फेरीत संशोधकांनी आणखी एक अर्ज केला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींमधला पक्षपात तपासता यावा, अशी त्यांची मागणी होती. तो फेटाळला गेला. तपासणाऱ्यांची अडवणूक डिजिटल कुलपांमुळे होत नसून, त्या प्रणाली चालवणाऱ्या कंपन्यांच्या हाती आपल्या मंचावर कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे याचा अधिकार असल्यामुळे होते, आणि तो प्रश्न या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता.